पाना वाचता येतो का?

"हाताला कळतं, सर." हे वाक्य मी भिवंडीत निदान पन्नास वर्षं ऐकत आलो आहे. यंत्रमागाचा जॉबर हेच म्हणतो, नळ बसवणारा प्लंबर हेच म्हणतो, आणि माणकोलीपासून पडघ्यापर्यंत हायवेच्या कडेला बसलेले टायरवालेही हेच म्हणतात. इतकी वर्षं मी मान डोलावत होतो. आता डोलावणार नाही. का, ते सांगतो. थोडं लांबेल, पण मंडळी, शेवटपर्यंत वाचा. विशेषतः आमच्या घरातल्या गाडीवाल्यांनी.

गेल्या मे महिन्यात पुतण्याच्या गाडीतून वज्रेश्वरीला गेलो होतो. पुतण्या, सूनबाई, दोन नाती आणि मी. येताना अंबाडीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. संध्याकाळचे साडेसात, अंधार पडलेला, बाजूने रेतीचे डंपर धडधडत चाललेले. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. काम वीस मिनिटांचं. पण नट हलेना. पुतण्याने हाताने जोर लावला, पायाने लाथा घातल्या, शेवटी तो पान्यावर चक्क उभा राहिला. दोन नट करकरत सुटले, तिसरा सुटला, आणि चौथा कट्‌कन आवाज करून स्टडसकट तुटून हातात आला. पुढचे वीस किलोमीटर आम्ही तीन नटांवर, ताशी तीसच्या वेगाने घरी आलो. दोन्ही नाती मागे झोपल्या होत्या. मी त्या चाकाच्या प्रत्येक आवाजाकडे कान लावून बसलो होतो.

ते टायर जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी हायवेवरच्या एका दुकानात बदललं होतं. दुकानाचं नाव सांगणार नाही, कारण ते एकट्याचं पाप नाही. तिथल्या पोराने हवेच्या गनने चारही नट घर्रर्र करून बसवले आणि वर "खात्रीसाठी" पान्याला पाइप लावून आणखी एक एक झटका दिला. आम्ही बाजूला उभे राहून कौतुकाने बघत होतो. पोरगा मेहनती आहे हो, असं मीच म्हणालो होतो!

घरी आल्यावर गाडीचं पुस्तक काढलं. (चार वर्षांत प्रथमच. प्लॅस्टिकची पिशवीही फाडलेली नव्हती.) त्यात चाकाच्या नटासाठी लिहिलं होतं : ८५ न्यूटन-मीटर. आता हिशेब करा. पुतण्याचं वजन ८० किलो, पाना साधारण ३० सेंटीमीटर लांबीचा. ८० गुणिले ९.८ गुणिले ०.३ म्हणजे सुमारे २३५ न्यूटन-मीटर. एवढ्या जोराला ते नट कसेबसे हलले. जेवढं हवं त्याच्या पावणेतीन पट! गंजाने नट धरतो हे मला मान्य आहे, पण तीन आठवड्यांत किती गंज चढणार?

तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही बीए. जन्मभर मराठी शिकवलं. तुम्हाला नटबोल्टातलं काय कळतं? खरं आहे, काही कळत नव्हतं. म्हणूनच शिकायला बसलो. आणि शिकताना असं लक्षात आलं, की हा प्रश्न माझ्याच विषयातला आहे. वाचनाचा.

आधी थोडं शास्त्र, मला समजलं तेवढं. नट आवळतो तेव्हा आपल्याला वाटतं की आपण तो "घट्ट" करतो. प्रत्यक्षात बोल्ट किंचित ताणला जातो. ताणलेली स्प्रिंग जशी मागे खेचते तसा तो दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरतो. चाकाचा भार खरं तर या दाबावर पेलला जातो. ताण कमी पडला तर चाक हबवर सूक्ष्म हलायला लागतं, नट सैल होत जातात, स्टड वाकून वाकून थकतात आणि तुटतात. ताण जास्त झाला तर बोल्ट इतका ताणला जातो की तो पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. आटे खराब होतात, ब्रेकची डिस्क वाकडी होऊ शकते, आणि मग एखाद्या अंधाऱ्या संध्याकाळी अंबाडीजवळ कट्‌कन आवाज होतो. "जरा जास्तच आवळलेलं बरं" हा आपला जो राष्ट्रीय सिद्धान्त आहे तो इथे सपशेल खोटा ठरतो. सैलपणाला भिऊन आपण नट मारतो, आणि मारलेला नट पुढे दगा देतो.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. साध्या पान्यांची लांबी उगीच ठरवलेली नसते. १० नंबरचा पाना आखूड असतो, २४ नंबरचा लांब. लहान बोल्टवर माणसाच्या हाताने फाजील जोर पडू नये आणि मोठ्यावर पुरेसा पडावा, हा शहाणपणा लांबीतच घातलेला असतो. म्हणजे पान्याला पाइप जोडणारा माणूस पाना बनवणाऱ्याचा सगळा विचार एका क्षणात पुसून टाकतो.

आता "हाताला कळतं" याकडे येतो. मी जॉबर लोकांची चेष्टा करणार नाही. या गावात यंत्रमागांच्या खडखडाटात आमचं आयुष्य गेलं. पन्नास मागांच्या आवाजातून एका मागाचा बिघडलेला ठोका ओळखणारा जॉबर मी पाहिला आहे. त्याच्या हाताला खरंच कळत होतं. पण का कळत होतं? तोच माग, तोच बोल्ट, तोच पाना, तीस वर्षं. आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी मागच त्याला सांगायचा, कापडात दोष दिसायचा. हात रोज तपासला जात होता, तेव्हा कुठे तो शहाणा झाला. टायरवाल्या पोराच्या हाताला कोण तपासतं? तो सकाळी लहान मोटार करतो, दुपारी टेम्पो, रात्री ट्रक. प्रत्येक नटाचं माप वेगळं. लहान मोटारीला साधारण ८५ ते ११०, मोठ्या ट्रकला कितीतरी पट, ५००-६०० च्या घरात. गाडी गेली की गेली. तिचं पुढे काय झालं ते त्या हाताला कधीच कळत नाही. ज्या हाताला चूक कळत नाही तो शिकणार कसा? सकाळी आठचा हात आणि रात्री अकराचा दमलेला हात एकच जोर लावतो, असं कोणी शपथेवर सांगेल का?

म्हणून टॉर्क पाना. माणसाने हे हत्यार काढलं तेच मुळी हातावरचा विश्वास उडाला म्हणून. न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बाहर या माणसाने १९१८ च्या सुमारास ते पहिल्यांदा बनवलं असं सांगतात. जमिनीखालच्या पाइपांच्या जोडांवरचे बोल्ट माणसं आवळून आवळून तोडत होती, त्यावर उपाय म्हणून. म्हणजे शंभर वर्षं झाली. भिवंडीच्या गोदामांत जगभरचा माल येतो, तो वाहणारे ट्रक दिवसरात्र या रस्त्यांवरून जातात, आणि त्यांची चाकं अजून पाइप आणि लाथ यांवर आवळली जातात.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग टॉर्क पाना घ्या, प्रश्न मिटला. मलाही तसंच वाटलं होतं. खरा धक्का पुढे आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. चांगला मुलगा. मुलगा कसला, पन्नाशीला आला. तुटलेला स्टड त्याच्याकडेच बदलला. मी विचारलं, "अरे, तुझ्याकडे तो टॉर्कचा पाना आहे का?" तो अभिमानाने म्हणाला, "आहे ना सर! चार वर्षं झाली. मी त्याशिवाय चाक बसवतच नाही." माझा ऊर भरून आला. त्याने पाना काढला, दांडा फिरवून ८५ वर लावला, एकेक नट आवळला, कट्‌ कट्‌ आवाज आले. मी म्हटलं, "दाखव बघू, ८५ कुठे लिहिलंय?"

मंडळी, त्या पान्याच्या दांड्यावर दोन बाजूंना दोन पट्ट्या कोरलेल्या असतात. एका बाजूला न्यूटन-मीटर, दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड. त्याने ८५ लावले होते ते फूट-पाउंडाच्या बाजूला. ८५ फूट-पाउंड म्हणजे ११५ न्यूटन-मीटर. पस्तीस टक्क्यांहून जास्त! चार वर्षं तो प्रत्येक गाडीचा प्रत्येक नट असाच आवळत होता. मनापासून, प्रामाणिकपणे, हत्यार वापरून.

मी विचारलं, "अरे, याच बाजूला का लावतोस?" त्याचं उत्तर ऐका. "सर, इकडे सरळ आहे. २०, ३०, ४०, ५०. तिकडे काय ते २८, ४२, ५६, ७०, ८४... काही टोटलच लागत नाही."

मी चष्मा लावून पाहिलं आणि मलाही टोटल लागेना. दोघं गॅरेजमधल्या बाकड्यावर बसलो, पाना मांडीवर घेतला, आणि अर्ध्या तासाने उलगडा झाला. त्या पान्याचा दांडा एकदा पूर्ण फिरवला की १० फूट-पाउंड वाढतात. त्याचेच साधारण १४ न्यूटन-मीटर होतात. म्हणून त्या बाजूची मुख्य पट्टी चौदाच्या पाढ्याने चालते : २८, ४२, ५६, ७०, ८४. आणि फिरत्या दांड्याच्या कडेवर मधले आकडे असतात. ८५ हवे असतील तर दांड्याची कड ८४ च्या रेघेवर आणायची, कडेवरचं शून्य मधल्या उभ्या रेघेशी जुळवायचं, आणि मग एक घर पुढे जायचं. चौऱ्याऐंशी अधिक एक. बस्स. चौदाचा पाढा आणि एक बेरीज. तिसरी-चौथीचं गणित!

पण हे त्याला कोणी दाखवलं होतं? पान्याबरोबर आलेला कागद इंग्रजीत, तोही मुंगीच्या अक्षरात. दुकानदाराने सांगितलं, "नंबर लगाओ, कट बोलेगा, बस." आणि शाळेत आम्ही काय शिकवलं? आमच्या शाळेत बल गुणिले अंतर म्हणजे आघूर्ण हे विज्ञानाच्या तासाला पाठ करून घेतलं जायचं. याने ते पाठ केलं होतं, गुणही मिळवले होते. त्याला मी विचारलं, "आघूर्ण आठवतं का रे?" तो हसला. "शब्द आठवतो सर." आघूर्ण! ज्या भाषेत "पीळ" हा एवढा नेमका शब्द आहे, सुंभ जळला तरी न जाणारा, तिथे आम्ही पोराच्या हातात आघूर्ण ठेवलं. आणि हातात ठेवायचा तो पाना कधी ठेवलाच नाही. यात मी स्वतःला वगळत नाही. वाचन म्हणजे अक्षरं वाचणं, एवढंच मी बत्तीस वर्षं मानलं. पट्टी वाचणं, एकक वाचणं, शून्य कुठे आहे ते पाहणं, हेही वाचनच आहे हे मला पंचाहत्तरी गाठताना कळलं.

एककाच्या बाबतीत तर आमच्या पिढीला सबब नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी शाळेत नुकताच जाऊ लागलो होतो. पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. माझी आई वाण्याकडे शेराचे वजन की किलोचे, हे तागडीकडे बघून विचारायची. तिला सही करण्यापुरतंच लिहिता येत होतं. सात टक्क्यांच्या फरकासाठी ती वाण्याशी भांडत होती, आणि आम्ही शिकलेले लोक चाकाच्या नटात पस्तीस टक्के फरक मुकाट्याने घेऊन हायवेला लागतो.

यावर कोणी म्हणेल, पण पाना कट्‌ बोलला ना? हाच तर सगळ्यात मोठा भ्रम. तो आवाज फक्त एवढंच सांगतो की तुम्ही लावलेला आकडा आला. आकडा बरोबर होता का, बोल्ट बरोबर होता का, हे तो सांगत नाही. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच १७,३०० फुटांवर निखळून गेली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं, आणि सुदैवाने तेही वाचले. चौकशीत काय निघालं? काच आदल्या दिवशीच बसवली होती. ९० पैकी ८४ बोल्ट एका मिलिमीटरहूनही कमी, पण बारीक होते. बसवणाऱ्याने भागांची यादी न वाचता जुना बोल्ट नव्याशी नजरेने जुळवला होता. आणि त्याच्या हातात ठराविक टॉर्कला सुटणारं हत्यार होतं! बारीक बोल्टचे आटे घसरण्याची खटखट आणि हत्याराची खटक यांतला फरक त्याला कळला नाही. "नजरेला कळतं" आणि "आवाज आला" या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं त्याचा हा धडा आहे.

हत्याराविना चुकणारा माणूस निदान मनात थोडा साशंक असतो. हत्यार चुकीचं वाचणारा निःशंक असतो. म्हणून मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते.

"गरिबाला हे परवडत नाही" हा युक्तिवादही मी ऐकला. मी स्वतः पाना विकत घेतला, दोन हजारांच्या आसपास पडला. ज्या दुकानात कॉम्प्रेसर, हवेची गन आणि टायर काढायचं मशीन आहे, त्या दुकानाला हा पाना परवडत नाही हे मी ऐकणार नाही. परवडत नाही तो वेळ. आणि गिऱ्हाइकाला परवडत नाही ते थांबणं. आपणच घाई करतो, हॉर्न वाजवतो, "झालं का रे?" म्हणतो. मग पोरगा गन लावतो.

तर मी जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो. आधी एकक बघा, मग आकडा. पुस्तकात काही वेळा न्यूटन-मीटरशेजारी किलो-मीटरही असतं. तिथे ८.५ लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, एकाचे साधारण दहा होतात. नट आधी हाताने फिरवून बसवा, म्हणजे आटे तिरके चढत नाहीत. समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्या, ओळीने नको. आट्यांना तेल लावू नका, पुस्तकात तसं सांगितलं नसेल तर. आपण लावलेल्या जोरातला बहुतेक भाग घर्षणातच खर्च होतो, साधारण दहातला एकच भाग बोल्ट ताणायच्या कामी येतो. तेलाने घर्षण घटलं की तोच आकडा बोल्टला फाजील ताणतो. पाना मुठीपाशीच धरा, हळू आणि सलग ओढा. पहिल्या खटकीला थांबा. "आणखी एकदा" म्हणून पुन्हा कट्‌ करू नका, तो जादा पीळ आहे. या पान्याने नट सोडवू नका. काम झालं की दांडा फिरवून सर्वांत खालच्या आकड्यावर आणा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून आकडे खोटे बोलू लागतात. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे वर्षातून एकदा किंवा ५,००० वापरांनंतर पाना तपासून घ्यायचा असतो. आणि चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे.

शाळेत अजून शिकवणाऱ्या माझ्या मित्रांना हात जोडून सांगतो : आघूर्णाच्या धड्याच्या दिवशी एक टॉर्क पाना वर्गात न्या. लोखंडी बाकाला एक बोल्ट असतोच. प्रत्येक मुलाला आणि मुलीला एकदा "हाताच्या अंदाजाने" आवळू द्या, आणि नंतर पान्याने तपासू द्या. मी हा खेळ गॅरेजमधल्या चार पोरांबरोबर करून पाहिला. एकाचा अंदाज दुसऱ्याशी जुळला नाही. पोरं आधी हसली, मग गप्प झाली.

माझा विद्यार्थी त्या दिवशी बाकड्यावर बराच वेळ काही बोलला नव्हता. मग म्हणाला, "सर, म्हणजे चार वर्षं मी सगळ्यांचे नट..." वाक्य पूर्ण केलं नाही. मी त्याला दोष दिला नाही. कोणत्या तोंडाने देणार? पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा त्याने पान्याच्या फूट-पाउंडाच्या बाजूला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, भिंतीवर पिवळ्या रंगाने चौदाचा पाढा लिहिला होता, आणि वहीतले फोन नंबर काढून गिऱ्हाइकांना बोलावत होता, चाकं फुकट तपासून द्यायला. काही जण आले, काही जण म्हणाले, "राहू दे रे, घट्ट आहेत ना? मग झालं!"

या "मग झालं" म्हणणाऱ्यांत आमचे दोन नातेवाईक आहेत. त्यांना कळेल मी कोणाबद्दल बोलतो आहे. गणपतीला घरी याल तेव्हा गाडीचं पुस्तक बरोबर आणा. पाना माझ्याकडे आहे. आरतीच्या आधी चाकं बघू.